मुका माल

१

तडतडीचा दाणा मोहरीहून थोडा मोठा असतो. पेटवला की तो लगेच फुटत नाही. आधी नुसता तापतो, लाल होतो, जागच्या जागी थरथरतो आणि मग फुटतो. पेटणं आणि फुटणं यांच्यामध्ये साधारण सव्वा सेकंद जातो. मी तो बऱ्याच वेळा मोजला आहे. जे काही व्हायचं ते त्या सव्वा सेकंदात आत होऊन गेलेलं असतं. आवाज ही फक्त त्याची बातमी. आकाशातलं मोठं फूल विझल्यावर मागाहून लाह्या फुटल्यासारखी जी तडतड ऐकू येते, ती अशा हजारो दाण्यांची.

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या फटाक्यांच्या कारखान्यातल्या चार नंबरच्या खोलीत एक परात भरून माल मधला सेकंद न घेता फुटला.

खोली वागायला हवी तशी वागली. भिंती उभ्या राहिल्या, हलकं छप्पर उडालं, जोर वर निघून गेला. शेजारच्या खोल्यांना तडाही गेला नाही. आत एकच माणूस होतं, कारण नियम एकाच माणसाचा आहे. ते नियम मी लिहिले आहेत. मी इथली केमिस्ट. सुरक्षेच्या कागदांवर सही माझी असते.

आतलं माणूस म्हणजे मावशी. वाळलेले दाणे चाळून लहानमोठे वेगळे करणं हे तिचं काम. सगळा कारखाना तिला मावशीच म्हणायचा, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

शुक्रवारी मालकांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर काच होती आणि काचेवर चहाच्या कपाचं गोल ओलं वर्तुळ. बोलताना मी त्याच्याकडे बघत होते. मला काही वाटत नव्हतं. वाटेल, असं सगळे म्हणत होते.

"मॅडम, सोमवारी तपासनीस येतोय. त्याच्याआधी आपला कागद तयार हवा. कोणाची चूक, कुठला माल, एवढंच. पाल्हाळ नको."

"आणि काम?"

"सोमवारपासून सात नंबरमध्ये चाळणी सुरू. मावशीची जाऊ बसेल, ती तयार आहे. माल मिस्त्री पास करतील, नेहमीसारखा."

मिस्त्री म्हणजे माझे वडील. तडतडीचा माल बनवणं आणि पास करणं, दोन्ही गेली एकतीस वर्षं त्यांच्याकडे.

मी फाईल काढली. अर्थिंग, सुती कपडे, पाण्याच्या बादल्या, डोळ्यांची आणि कानांची तपासणी. प्रत्येक रकान्यात 'ठीक'. अक्षर माझंच.

मग मी चार नंबरमध्ये गेले. चाळण्यांच्या पितळी जाळ्या चुरगळून कोपऱ्यात पडल्या होत्या. परातीचे तुकडे होते. आणि भिंतीच्या कडेला, काळा पडलेला, हाताएवढा लाकडी रूळ होता. त्याच्या एका टोकाला कापडाची तीन वेढ्यांची पट्टी शिल्लक राहिली होती, दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

हा रूळ एक नंबरच्या खोलीतला. ओला लगदा थापायला लागतो. चाळणीच्या खोलीत, वाळलेल्या दाण्यांपाशी, रुळाला काहीही काम नसतं.

वाळलेले दाणे कुणी मोडायला घेतले असतील, तरच असतं.

२

स्टोअरकीपरला सगळे काटा म्हणतात. तो प्रत्येक गोष्ट दोनदा तोलतो, स्वतःचा डबासुद्धा. मी गेले तेव्हा तो मोकळ्या काट्यावर हात ठेवून बसला होता.

"बसा मॅडम. मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. नवं पिंप."

"नव्या पिंपाचं काय?"

"तीन आठवड्यांपूर्वी मी फोडलं. तेव्हापासून मिस्त्रींचा चेहरा उतरलेला. म्हणजे आज ना उद्या गाडी माझ्या दारात येणार. मी म्हटलं, आपणच दार उघडं ठेवावं."

"पिंपात काय होतं?"

"तुमची हळद. सीलबंद. आणखी काय असणार?"

हळद म्हणजे बिस्मथची पिवळी पूड. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमचे दाणे शेंदरानं, म्हणजे शिशाच्या नारिंगी पुडीनं बनत. ते शिसं बायकांच्या बोटांतून पोटात आणि पोटातून रक्तात जायचं. मी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, आकडे मालकांसमोर ठेवले आणि शेंदूर बंद करवला. त्या जागी हळद आली. ती अंगाला बाधत नाही म्हणावं इतकी सौम्य आहे. पण दाणा झाला की तो घासण्याला आणि ठोक्याला शेंदराच्या दाण्याइतकाच हळवा असतो. पूड बदलली म्हणून दाण्याचा स्वभाव बदलत नाही. हेही मी लिहून खोल्याखोल्यांत लावलं होतं.

"राग मानू नका," काटा म्हणाला, "पण शेंदराच्या मालाला जान होती. हळदीचा आवाज बसका. मी नाही म्हणत, मिस्त्री म्हणतात. दोन वर्षं म्हणतायत. आणि मालक आता म्हणायला लागलेत की मॅडमच्या हळदीनं बाई खाल्ली."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वजन कळतं मॅडम. आवाज कळत नाही."

"पिंपात कुणी शेंदूर मिसळला असेल?"

तो पहिल्यांदा चिडला. "कुणी म्हणजे मीच ना? किल्ली माझ्याकडे आहे. सरळ म्हणा की."

"म्हणते. मिसळला का?"

"नाही. करा काय तपासायचं ते. साप साप म्हणून भुई धोपटायची तर निदान भुई तरी नीट बघा."

मी बघितली. नव्या पिंपातली चिमूटभर पूड पातळ आम्लात विरघळवली आणि त्यात आयोडाइडचे थेंब सोडले. शिसं असतं तर झगझगीत पिवळा साका बसला असता. तो बसला नाही. आधी काळपट साका आला, मग आणखी थेंबांनी तो विरघळून नारिंगी पाणी झालं. बिस्मथ असंच वागतं. आणखी तीन चाचण्या केल्या. ज्या दुसऱ्या क्षारांची मला भीती होती तेही नव्हते. पिंप स्वच्छ होतं.

काटा खरं बोलत होता. मी चाचणीचं रजिस्टर उघडलं. प्रत्येक घाणीपुढे, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालापुढे, 'पास' नाहीतर 'नापास' लिहिलेलं असतं. एकेचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस या तीन घाणींपुढचे रकाने कोरे होते.

आणि त्या आठवड्याच्या पानावर, खाली, मी न बघता केलेली सही होती.

३

मावशीची जाऊ पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठ्याच्या नळ्यांना कागद चिकटवत होती. रडून झालं होतं. हात चालू होते.

"विचारा," ती म्हणाली. "मालकांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. म्हणे घाईत होती का. माझी जाऊ आणि घाई! भाजी निवडायला बसली की शेजाऱ्यांची जेवणं उरकायची."

मी रुळावरची पट्टी तिच्यापुढे धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

"माझा डोक्याला बांधायचा रुमाल आहे. बुधवारी मागून नेला. म्हटलं, तुझा कुठे गेला? तर म्हणाली, माझा विरलाय, जाड हवा."

"कशाला हवा होता?"

"नाही सांगितलं. मी म्हटलं, बाई, रुमाल परत दे हां. तर म्हणाली, धुऊन देते." तिनं नळी खाली ठेवली. "धुऊन देते म्हणाली."

तिनं नळी पुन्हा उचलली. कागदाला लावायच्या खळीचा वास येत होता.

"ती चाळणीवर नवीन होती ना?"

"तीनच आठवडे. चाळणीच्या दोघी काम सोडून गेल्या, म्हणून मालकांनी हिला तिकडे बसवलं. त्याआधी दोन-अडीच वर्षं मिस्त्रींजवळ चाचणीला. दाणे पेटवून द्यायची. ते काम सुटलं तरी तिचं बोट काही सुटेना."

"बोट?"

"अहो, सवय. जेवायला बसली की ताटाच्या कडेवर टक. मग टक. पोरं चिडवायची, काकू तार पाठवतेय म्हणून." तिनं तर्जनीनं टेबलाच्या कडेवर एकदा वाजवून दाखवलं. हलकंसं. "मी विचारलं तेव्हा म्हणाली, दाणे मोजायची सवय आहे गं."

मी ते वहीत टिपलं. का टिपलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"सोमवारी तुम्ही बसणार म्हणे चाळणीवर."

"बसायलाच हवं. तिची दोन आणि माझी दोन, चार पोरं आहेत घरात. फक्त एक सांगा, ताई." ती पहिल्यांदा मला ताई म्हणाली. "मला पण रुळानं दाणे मोडायला लावणार का?"

"मावशीला कुणी लावलं होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

"मिस्त्रींनी. दुसरं कोण लावणार? मोडायला सांगितलंय, एवढं ती घरी बोलली होती. तुम्हाला घरात बोलले नाहीत?"

४

घरात आम्ही दोघंच असतो. आई जाऊन सात वर्षं झाली. दारावरची बेल दोनदा बदलून झाली आहे. दोन्ही बेलांना आवाज नव्हता, असं बाबांचं म्हणणं.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघरात कुकरपासून दोन हातांवर, पाठमोरे बसले होते. कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिसरीला मी आत जाऊन गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाबा, मावशीला दाणे मोडायला तुम्ही सांगितलंत?"

त्यांनी लगेच मान हलवली. जणू दोन दिवस ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

"हो. मी."

"वाळलेले?"

"वाळलेले. मोडायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा वळायचे. पूर्वी आम्ही असंच करायचो, तुझे नियम यायच्या आधी." त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. एकेचाळीस, मुका. बेचाळीस, मुका. त्रेचाळीस, मुका. "तिन्ही घाणी मुक्या निघाल्या, पोरी. दहातला एकही दाणा बोलला नाही. नुसतं फुस्स."

"मुका माल तेलात बुडवून नष्ट करायचा असतो. तसा फॉर्म आहे."

"आहे की. आणि तो फॉर्म तुझ्या टेबलावर येतो. तिथून मालकाच्या. तीन घाणी मुक्या म्हटल्यावर मालक काय म्हणाला असता? म्हणाला असता, मॅडमची हळद बोगस, आणा शेंदूर परत." ते थांबले. "तू त्या रक्ताच्या कागदांसाठी दोन वर्षं भांडलीस. मी म्हटलं, गुपचूप दुरुस्त करू. झाकली मूठ."

मी वहीकडे बघत होते. आकडे नीट होते. बाबांचे आकडे नेहमी नीट असतात.

"धोका नाही वाटला?"

"मुक्या मालात जोर कुठला? जो आवाज करत नाही तो हात कशाला तोडेल?" त्यांचा आवाज बारीक झाला. "हेच मला कळत नाही. दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. मुका होता. मी स्वतः ऐकला. मग फुटला कसा?"

त्यांचं म्हणणं विज्ञानाचं नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. मुका माल असा फुटत नाही.

५

प्रत्येक घाणीचा थोडा माल, चिमूटभर, चाचणीआधीच कागदाच्या पुडीत माझ्याकडे येतो. तो प्रयोगशाळेबाहेरच्या वाळूच्या पेटीत ठेवलेला असतो. शनिवारी मी एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीसच्या पुड्या काढल्या, आणि जोडीला गेल्या वर्षीच्या दोन पास झालेल्या घाणींच्या. उघड्यावर, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, एका वेळी एक दाणा. चष्मा, लांब दांडीची वात, हातभर अंतरावर आवाज मोजायचं यंत्र.

एकेचाळीस: दहापैकी दहा फुटले. बेचाळीस: दहा. त्रेचाळीस: दहा. यंत्रावरचे आकडे गेल्या वर्षीच्या मालाहून तसूभरही कमी नव्हते. मी पुन्हा मोजले. तेच आले.

माल मुका नव्हता. कधीच नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसले आणि जे माहीत होतं ते एकाखाली एक मांडलं.

हळदीला आवाज नसता, तर माल दोन वर्षांपूर्वीच नापास झाला असता. दोन वर्षं तो पास होत होता. नव्या पिंपात खोट असती, तर आज माझ्या फरशीवर दाणे फुटले नसते. तीन आठवड्यांपूर्वी आणखी एकच गोष्ट बदलली होती. मावशी चाचणीच्या टेबलावरून उठली होती आणि तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. बाबा स्वतःच दाणे पेटवत होते.

आणि रुळाची पट्टी. मुक्या मालाला कुणी गादी देत नाही. ज्या बाईनं जावेचा जाड रुमाल मागून रुळाला तीन वेढे दिले, तिला ठाऊक होतं की परातीतला माल जागा आहे. मग ती बोलली का नाही?

मी मागच्या अंगणात गेले. चाचणीचं टेबल पत्र्याच्या छपराखाली आहे. चाचणी बाबांची आणि कागद माझा, अशी आमच्यात वाटणी असल्यामुळे मी तिथे क्वचित जाते. पण पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबा खुर्चीत बसतात, उजवा तळहात टेबलावर सपाट टेकवतात आणि डोळे मिटतात. चमक डोळ्याला फसवते, असं ते म्हणतात. दिसायला मोठा वाटणारा दाणा आवाजात पोकळ निघतो. म्हणून माल डोळे मिटून पास करायचा. त्यांच्या गुरूनं त्यांना असंच शिकवलं होतं. शेजारच्या स्टुलावर बसणारी बाई दाणे पेटवते.

मी स्टुलावर बसले. हात सहज जिथे टेकला, तिथे टेबलाच्या कडेवर शर्टाच्या बटणाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. बाकी लाकूड खरबरीत. तेवढीच जागा चकाकत होती.

मी तिथे तर्जनी टेकवली. टक.

लाकूड जुनं आणि सलग आहे. ठोका पार पलीकडे, जिथे बाबांचा तळहात असतो तिथपर्यंत जातो.

तडतड हा बारीक, तीक्ष्ण आवाज आहे. एकतीस वर्षं रोज तो ऐकणाऱ्या कानांतून आधी बारीक आवाजच जातात. शिट्ट्या जातात, बेल जाते. माणसांचं समोरासमोरचं बोलणं बरीच वर्षं टिकतं, म्हणून कुणाला कळत नाही. ज्याचे कान जातात त्याला तर मुळीच नाही. त्याला वाटतं बेल बिघडली. त्याला वाटतं मालच बसका झाला.

मावशीला कळलं होतं. ती दोन-अडीच वर्षं प्रत्येक दाण्याबरोबर बोट वाजवत राहिली, आणि ती उठून गेल्यावर सगळा माल एका दिवसात मुका झाला. 'माल चांगला आहे' असं तिनं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: मग मिस्त्रींना का ऐकू येत नाही? तो प्रश्न नको म्हणून तिनं रुमाल गुंडाळला.

हे सगळं वहीत लिहून झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं मनात आलं आणि ते खरं नाही हेही आलं. खाली अजून एक ओळ लिहायची होती.

कानांच्या तपासणीची फाईल मी घरी नेली होती, उघडली नव्हती. बाबांच्या नावाचा फॉर्म दोन वर्षांचा कोरा आहे. ते तपासणीला गेलेच नाहीत. पहिल्या वर्षी ते म्हणाले, पुढच्या महिन्यात जाऊ. दुसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. दोन्ही वर्षी शेवटच्या रकान्यात 'ठीक' लिहिलं आहे. त्यांना निवृत्त व्हा असं कसं सांगायचं, याचा मी दोन वर्षं विचार करत होते. कुकरच्या शिट्ट्या मी मोजत होते. तीन झाल्या की उठून गॅस बंद करत होते.

मावशीनं बोट वाजवलं. मी गॅस बंद केला. आम्ही दोघी एकच काम करत होतो.

६

रविवारी कारखाना बंद असतो. मी बाबांना म्हटलं, चव्वेचाळीसची घाणी उद्या पास करायची आहे, आजच बघून घेऊ. ते लगेच निघाले. इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत म्हणाले, "तू कधीपासून दाणे पेटवायला लागलीस?"

"आजच."

"हात लांब ठेव. आणि घाई नको. मावशीकडून शिकायला हवं होतंस."

फाटकावर आमच्या सह्या झाल्या. पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री, सुट्टीच्या दिवशी पण?" बाबांनी हसून हात वर केला. त्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते सगळ्यांना असाच हात करतात. हेही मी दोन वर्षं बघत होते.

अंगणात ऊन होतं. ते खुर्चीत बसले, तळहात टेकवला, डोळे मिटले. मी स्टुलावर बसले. मी एका हाताची मूठ गुडघ्यावर ठेवली, म्हणजे चुकूनही बोट लाकडाला लागायला नको. दुसऱ्या हातात लांब वात होती.

पहिला दाणा. लाल. सव्वा सेकंद. फुटला. आवाज पत्र्यावर आपटून परत आला आणि छपराच्या टोकाला बसलेलं कबूतर उडालं.

बाबांचा चेहरा हलला नाही.

दुसरा. तिसरा. मी एकेक पेटवत गेले. दहावा फुटला तेव्हा माझ्या कानात बारीक घंटी वाजत राहिली होती.

"झाले दहा?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं. हवेतला धूर त्यांना कळत होता.

मी त्यांच्या मनगटाला हात लावला. होय.

"मुका," ते म्हणाले. "बघ, मी सांगत होतो. हाही मुका. काय झालंय या मालाला?"

मी दहा नवे दाणे टेबलाशेजारी वाळूवर ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर ओळीनं मांडले. त्यांच्या मनगटाला पुन्हा हात लावला, म्हणजे पुन्हा बघू. त्यांनी मान हलवली आणि तळहात नीट सपाट केला.

या वेळी मी वात बाजूला वाळूत खोचली. ती विझली. मी काहीही पेटवलं नाही. त्या गुळगुळीत जागेवर तर्जनी ठेवली आणि वाजवली.

टक.

बाबांची भुवई वर गेली.

टक.

"हं," ते म्हणाले.

टक. मी मध्ये सव्वा सेकंद सोडत होते. टक. त्यांच्या ओठांच्या कडा सैल झाल्या. तीन दिवसांत त्यांचा चेहरा असा दिसला नव्हता. अंगणात कसलाही आवाज नव्हता. कबूतर परत येऊन बसलं होतं.

टक. टक. टक. टक. टक.

"आता बघ!" ते म्हणाले. "बोलतोय की माल. खणखणीत. नऊ झाले ना? एक राहिला."

टक.

"दहा. पास. लिही पास." आणि त्यांनी डोळे उघडले.

फरशीवर दहा दाणे ओळीनं पडलेले होते. काळे, गोल, न पेटलेले. शेजारी वाळूत विझलेली वात. माझं बोट अजून कडेवर होतं.

त्यांनी दाण्यांकडे पाहिलं. मग वातीकडे. मग माझ्या बोटाकडे, आणि बोटाखालच्या जागेकडे. ते मोजत होते, हे मला दिसत होतं. त्यांना मोजायला वेळ लागत नाही. या वेळी लागला. शेवटी त्यांनी टेबलावरचा स्वतःचा तळहात उलटा केला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"मावशी?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"दोन वर्षं?"

"अडीच."

"आणि तिला माहीत होतं. की माल जागा आहे." हा प्रश्न नव्हता. "तरी मोडायला बसली."

मी उठले. स्टूल ओढून त्यांच्या समोर नेलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसले, म्हणजे माझे ओठ त्यांना नीट दिसतील. मला अजूनही काही वाटत नव्हतं. फक्त आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवायला हवा, एवढं ध्यानात होतं.

"बाबा, माझ्याकडे बघा. तुम्हाला ऐकू येत नाही. मला हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं आणि मी फॉर्मवर ठीक लिहिलं. उद्या तपासनिसाला मी या दोन्ही गोष्टी लिहून देणार आहे. सात नंबरमध्ये चाळणी सुरू होणार नाही, त्या कागदावर मी सही करणार नाही. आणि आजपासून तुम्ही माल पास करायचा नाही."